डायला दोष देण्याआधी

ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातल्या लष्करी छावण्यांना पावसाळ्यात एक विचित्र दुखणे लागे. मृगाच्या सरी सुरू झाल्या की मोहिमा थंडावत, कवायती कमी होत आणि काडतुसांच्या पेट्या कोरड्या जागेच्या शोधात पुष्कळदा घोड्यांच्या पागेत जाऊन पडत. पावसाळा सरल्यावर पेट्या उघडल्या की पितळी पुंगळ्यांच्या मानेवर चिरा दिसत. ती काडतुसे कुणी झाडलेली नसत की आपटलेली नसत. नुसती ठेवल्या जागी ती तडकलेली असत. या तडकण्याला ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव पडले, पण त्याचे कारण नीट उलगडायला १९२१ साल उजाडावे लागले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघा संशोधकांनी दाखवून दिले की येथे तीन गोष्टी एकत्र येतात. घोड्यांच्या मुतातून हवेत जाणारा अमोनिया ही पहिली, पावसाळी दमटपणा ही दुसरी. तिसरी गोष्ट पितळाच्या पोटातच असते. गोळी पकडून ठेवण्यासाठी पुंगळीची मान आवळली जाते, तेव्हा धातूत जो ताण कोंडला जातो तो निघून जात नाही. तिघांपैकी एक जरी हटवले तरी चीर पडत नाही. हलक्या आचेवर पितळ तापवून आतला ताण सैल केला की तेच काडतूस त्याच हवेत टिकते.

साइझिंग डाय आणि पुंगळीची तयारी या विषयाची प्रस्तावना पागेतून सुरू करण्याला कारण आहे. रायफलचे काडतूस पुन्हा भरू पाहणारा माणूस ज्या अडचणींनी हैराण होतो, त्यांतल्या बहुतेक अडचणी याच प्रकारच्या असतात. पुंगळी डायमध्ये अडकते, साइझ करूनही चेंबरमध्ये बसत नाही, मान फाटते, बुडाजवळ चकाकती कडी उमटते. माणूस लगेच डायकडे बोट दाखवतो, डाय खाली-वर फिरवतो, नाहीतर नवी डाय मागवतो. दोष मात्र बहुधा पितळात असतो, किंवा पितळाला मिळालेल्या वागणुकीत. पुढील पानांचे सगळे म्हणणे एवढ्याच गोष्टीभोवती फिरते : आधी पुंगळी पाहावी, मोजावी, आणि मगच पान्हा हातात घ्यावा.

गणपतीपुळ्यासारख्या गावात पितळाचा स्वभाव कुणाला शिकवावा लागत नाही. समोर समुद्र, पाठीशी डोंगर आणि वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस. या हवेत देव्हाऱ्यातली समई आठ दिवस पुसली नाही तर काळवंडते आणि पावसाळ्यात कोपऱ्यात पडलेल्या तांब्यावर हिरवा कळंक चढतो. घरोघरी चिंच, लिंबू किंवा आमसूल लावून पितळ उजळले जाते. आंबट पदार्थ वरचा थर विरघळवतो, हे ज्ञान कोकणातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. आंबट लावून भांडे फार वेळ तसेच ठेवले तर त्यावर गुलाबी डाग पडतो, हेही तिथे ठाऊक असते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आम्लाने पृष्ठभागावरचे जस्त निघून जाते आणि तांबे उघडे पडते, म्हणून तो डाग. आज जगभरचे हौशी भरणारे पुंगळ्या धुताना सायट्रिक आम्ल वापरतात. सौम्य द्रावणात थोडा वेळ ठेवले तर पुंगळी स्वच्छ निघते. तीव्र द्रावणात विसरली तर समईसारखीच गुलाबी होते. धुण्याचा नियम दोन्हीकडे एकच, फक्त पुंगळीच्या बाबतीत त्या पातळ झालेल्या पितळावर पुढे फार मोठा दाब यायचा असतो.

या परिसरात बंदुकाही आहेत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या बागायतदारांकडे शेतीसंरक्षणाचे परवाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. वानर आणि रानडुक्कर यांनी आंबा, नारळ, भात यांची जी नासाडी चालवली आहे ती पाहता ते परवाने नुसती हौस नव्हेत. निवडणूक जाहीर झाली की या बंदुका बहुधा पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि त्याच दिवसांत डुकरे शेतात उतरली की गावोगावी तक्रारी सुरू होतात. या बंदुका म्हणजे बहुतेक ठासणीच्या, नाहीतर बारा बोअरच्या एकनळी-दुनळी. ठासणीच्या बंदुकीला पुंगळीच नसते. बारा बोअरच्या काडतुसाला बाटलीसारखा खांदा नसतो, दाबही रायफलच्या मानाने पुष्कळ कमी. म्हणून साइझिंग डायचे सगळे नाट्य रायफलच्या पुंगळीपाशी घडते. साठवणीचा धडा मात्र छर्ऱ्याच्या काडतुसालाही लागू आहे : दमट हवा, खत, गोठा आणि पितळ यांना एका खोलीत ठेवू नये. गोठ्याच्या माळ्यावर काडतुसांचा डबा ठेवण्याची सवय कुठे असेल तर ती आजच मोडावी. ब्रिटिश छावणीतल्या पागेत जे घडले तेच तिथे घडू शकते. अमोनिया असलेल्या भांडी चमकवण्याच्या पॉलिशने पुंगळ्या घासू नयेत, हा नियमही याच अनुभवातून आला.

पुंगळी नेमके काय करते हे समजल्याशिवाय डायचे काम समजत नाही. बुडातल्या टोपीवर आघात होतो, दारू पेटते आणि ७.६२ मिलिमीटर वर्गाच्या आधुनिक रायफलमध्ये क्षणार्धात सुमारे चार हजार वातावरणांएवढा दाब तयार होतो. त्या क्षणी पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि वायूला मागे यायची वाट बंद करते. दाब उतरताच पितळ किंचित आक्रसते आणि पुंगळी मोकळी होऊन बोल्टबरोबर बाहेर येते. फुगायचे, पण फाटायचे नाही. परत यायचे, पण पूर्ण परत यायचे नाही. सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त या मिश्रणाने हे दोन्ही साधते, म्हणून दीडशे वर्षांत पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, प्लास्टिक असे अनेक उमेदवार येऊनही पितळाची जागा टिकली आहे. झाडलेली पुंगळी त्या एका विशिष्ट चेंबरचा साचा असते. तिला पुन्हा मापात आणायचे काम साइझिंग डायचे.

हे यंत्र एकदम जन्मले नाही. गणपतीपुळ्याला खेटून असलेल्या मालगुंडात केशवसुतांचा जन्म झाला ते साल १८६६. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने स्नायडर-एनफिल्ड रायफल स्वीकारली आणि वूलिचच्या रॉयल लॅबोरेटरीचे प्रमुख एडवर्ड बॉक्सर यांनी तिच्यासाठी पितळी पत्रा गुंडाळलेले काडतूस तयार केले. त्याच वर्षी अमेरिकेत हायरम बर्डन यांनी आपल्या टोपीचे पेटंट घेतले. पुढे गंमत अशी झाली की इंग्रज बॉक्सरची टोपी अमेरिकेत रुजली आणि अमेरिकन बर्डनची टोपी ब्रिटिश साम्राज्याच्या लष्करी काडतुसांत गेली. पत्रा गुंडाळलेल्या पुंगळीचे दोष १८८४-८५ च्या सुदान मोहिमेत उघडे पडले. तापलेल्या, वाळूने माखलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलींत त्या पुंगळ्या फाटत आणि अडकत. त्यानंतर अखंड ओढलेल्या पितळाची पुंगळी आली.

महाराष्ट्र या इतिहासात फक्त प्रेक्षक नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ साली सुरू झाला. त्याची ‘केएफ’ ही अक्षरे बुडावर घेऊन .३०३ ची काडतुसे कुठल्या कुठे गेली. बारा बोअरची ‘शक्तिमान’ काडतुसे खडकीचीच. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचा कारखाना १९६४ चा, लहान शस्त्रांच्या काडतुसांसाठी उभारलेला. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात कंपन्या झाल्या, तेव्हा हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले. तिचे मुख्यालय पुण्यातच आहे. पितळाच्या पट्टीतून वाटी, वाटीतून ओढत ओढत लांब पेला, पेल्याला बूड, खांदा, मान, आणि प्रत्येक ओढीनंतर भट्टी : हे काम पिढ्यान्‌पिढ्या मराठी हातांनी केले आहे. एवढे असूनही पुंगळीविषयी मराठीत सलग वाचायला फारसे मिळत नाही, ही उणीव खटकणारी आहे.

भट्टीवर थोडे थांबायला हवे, कारण मान फाटण्याचे कोडे तिथेच सुटते. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम पाहिलेल्याला हे सहज कळेल. घण बसतो तसा पत्रा कडक होत जातो. काही काळाने तो पुढे वाकत नाही, चिरतो. मग तांबट भांडे भट्टीत घालतो, तापवतो आणि पुन्हा ठोकायला घेतो. धातूचे स्फटिक ठोकून विस्कटतात, उष्णतेने नव्याने जुळतात. पुंगळीची मान दर फेरीत झाडताना फुगते, डायमध्ये दबते, आतल्या गोलकाने पुन्हा रुंदावते, गोळी बसवताना आणखी ताणली जाते. काही फेऱ्यांत ती घणाखालच्या पत्र्याइतकी ताठ होते. अशी मान डायमधून बाहेर येताच थोडी परत उघडते आणि गोळी सैल बसते. ‘डाय मोठी झाली’ ही ओरड बहुतेक वेळा इथून उठते. डाय कठीण पोलादाची असते आणि ती एवढ्यात झिजत नाही. पितळ ऐकेनासे झालेले असते. त्यानंतरची पायरी म्हणजे मानेवर उभी चीर.

उपाय तांबटाचाच, पण एका कडक अटीसह. फक्त मान आणि खांदा काही सेकंद तापवायचा, बुडाला आच पोचू द्यायची नाही. बूड मुद्दाम कठीण ठेवलेले असते, कारण बोल्टच्या बाजूला दाब पेलायला तेवढेच पितळ असते. ते मऊ झालेली पुंगळी वापरणे म्हणजे चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर अपघात मांडणे. लष्करी काडतुसांच्या खांद्याशी जी निळसर-जांभळी झाक दिसते ती कारखान्यातल्या शेवटच्या आचेची खूण असते, डाग नव्हे. कारखान्यात लेथवर काम केलेल्यांची इथे एक हमखास गल्लत होते. पोलाद लाल करून पाण्यात बुडवले की कठीण होते, म्हणून पितळही होईल असे त्यांना वाटते. पितळ पाण्याने कठीणही होत नाही आणि मऊही होत नाही. पाणी फक्त उष्णता खाली बुडाकडे सरकू देत नाही.

आता डाय. पूर्ण लांबीची साइझिंग डाय म्हणजे आतून काडतुसाच्या आकाराचा पोलादी साचा, मधून जाणारा दांडा, दांड्याच्या टोकाला जुनी टोपी ढकलणारी सुई आणि सुईच्या वर मान आतून रुंदावणारा गोलक. खालून प्रेसचा दट्ट्या पुंगळीला धारकात धरून वर ढकलतो. बहुतेक उत्पादकांच्या डायचे आटे एकाच मापाचे असतात : ७/८ इंच व्यास, इंचाला १४ आटे. म्हणजे डाय एक पूर्ण फेरा फिरली की १.८१ मिलिमीटर सरकते. खांदा मागे ढकलायचा असतो तो बोल्ट रायफलसाठी साधारण ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर. वर्कशॉपच्या भाषेत एक ते दोन थाऊ. गणित करून पाहिले तर दोन थाऊसाठी डाय फक्त दहा अंश फिरवायची असते. ‘जरा पाव फेरा खाली घेतली’ असे जो सहज म्हणतो त्याने खांदा साडेचारशे मायक्रॉन मागे नेण्याची तयारी केलेली असते. हे आकडे एकदा मनात बसले की पान्ह्यावरचा हात आपोआप हलका होतो.

सर्वांत फसवी तक्रार पुढची. पुंगळी साइझ केली, तरी बोल्ट बंद होत नाही. उलट साइझ न केलेली, नुसती झाडलेली पुंगळी त्याच रायफलमध्ये सहज बसते. नवशिक्याला वाटते डाय चुकीच्या मापाची आली. खरे कारण असे की दट्ट्या वर जाऊ लागतो तेव्हा डाय आधी धडाला आवळते. आवळलेले पितळ जाणार कुठे? ते वर सरकते आणि खांदा पुढे येतो. डायचा खांदा पुंगळीच्या खांद्याला टेकल्यानंतरच तो मागे जाऊ लागतो. ढकल अर्ध्यात थांबली तर खांदा पूर्वीपेक्षा पुढे गेलेला आणि मागे न आलेला, अशा अवस्थेत पुंगळी बाहेर पडते. इलाज म्हणजे आणखी थोडे साइझिंग, कमी नव्हे. रिकाम्या प्रेसमध्ये डाय धारकाला टेकलेली दिसते, पण पुंगळी घालून जोर लावला की प्रेसची चौकट किंचित ताणते आणि दोघांमध्ये कागदाएवढी फट राहते. उजेडासमोर धरून ती फट पाहावी. डाय बदलण्याआधी हे एक काम केले तरी अनेकांचे पैसे वाचतील.

याच्या उलट चूक अधिक धोक्याची. डाय धारकावर घट्ट टेकवून खांदा वाजवीपेक्षा मागे ढकलला की काडतूस चेंबरमध्ये आखूड पडते. टोपीवर आघात झाला की ते पुढे सरकते, पुढची भिंत चेंबरला चिकटते आणि बूड मागे बोल्टकडे ताणले जाते. ताण येतो तो जाड बूड संपून पातळ भिंत सुरू होते त्या जागी. प्रत्येक फेरीत तिथले पितळ थोडे पातळ होते. बाहेरून एक फिकट चकाकती कडी दिसू लागते, आणि त्यानंतर एखाद्या फेरीत पुंगळीचे दोन तुकडे होतात. पुढचा चेंबरमध्ये राहतो, मागचा बोल्टबरोबर येतो आणि वायू नेमबाजाच्या बाजूला सुटतो. ही झीज वेळीच ओळखण्यासाठी तारेचे टोक वाकवून टोकदार करावे, पुंगळीच्या आत घालून बुडापासून वर ओढावे. टोक खाचेत अडखळले तर ती पुंगळी बाद. शंका असेल तर त्याच खेपेतली एक पुंगळी उभी कापून पाहावी. कापलेल्या भिंतीत पातळ झालेली रेघ एकदा डोळ्यांनी पाहिली की माणूस ती विसरत नाही.

कडा असलेल्या जुन्या काडतुसांत ही गोष्ट जास्त जाणवते. .३०३ काय, किंवा भारतातल्या नागरी परवानाधारकांना परिचित असलेले .३१५ काय, चेंबरमध्ये त्यांचा आधार बुडाची कडा असते, खांदा नव्हे. लष्करी चेंबर मुद्दाम सैल ठेवलेले असत, चिखल-धुळीतही काडतूस बसावे म्हणून. त्यामुळे पहिल्याच झाडणीत खांदा बराच पुढे फुगतो. तो दर वेळी कारखान्याच्या मूळ मापावर मागे नेणे म्हणजे पितळाला पुन्हा पुन्हा तेवढेच ताणायला लावणे. अशा पुंगळीला गरजेपुरते, बोल्ट बंद होईल एवढेच साइझिंग द्यावे, म्हणजे तिचे आयुष्य वाढते.

अडकलेली पुंगळी हा प्रत्येकाच्या वाट्याला येणारा प्रसंग. दट्ट्या अर्ध्यावर थांबतो, मागे ओढला की धारक बुडाची कडा फाडून मोकळा होतो आणि पुंगळी डायमध्ये रुतून बसते. कारण जवळजवळ नेहमी एकच : वंगण कमी, किंवा चुकीचे. यंत्राचे पातळ तेल इथे चालत नाही. एवढ्या दाबाखाली ते बाजूला होते आणि पितळ पोलादाला घासते. साइझिंगसाठीचे मेण किंवा लॅनोलिन असलेले वंगण वापरावे. काढण्याची रीत ठरलेली आहे. दांडा वर घ्यायचा, बुडाला मधोमध भोक पाडून आटे काढायचे, वर बुश ठेवून बोल्टने पुंगळी हळूहळू बाहेर ओढायची. लेथवर काम करणाऱ्या कुठल्याही मिस्त्रीला हे दहा मिनिटांचे काम. वंगण जास्त झाले तर वेगळीच खोड निघते. ते खांद्याशी साचते, त्याला निसटायला वाट मिळत नाही आणि पितळच आत दबून खळगा पडतो. डायच्या अंगावरचे बारीक भोक त्यासाठीच असते. ते बुजले असेल तर टाचणीने मोकळे करावे.

लांबीला समांतर ओरखडे दिसले तर डायमध्ये वाळूचा कण किंवा चिकटलेले पितळ आहे असे समजावे. समुद्रकिनाऱ्यावरच्या रेंजवरून उचललेल्या पुंगळ्या न धुता साइझ करणे हा या दुखण्याचा राजमार्ग. दांडा वर येताना किंचाळण्यासारखा आवाज होतो तेव्हा गोलक कोरड्या मानेत घासत असतो. तो मान ओढून लांब करतो, कधी अक्षापासून वाकडी करतो आणि मग सरळ बसवलेली गोळीही तिरकी दिसते. मानेच्या आत थोडे ग्रॅफाइट पुरते.

लांबीही मोजावी लागते. .३०८ विंचेस्टरची पुंगळी जास्तीत जास्त ५१.१८ मिलिमीटर चालते आणि ती सुमारे ५०.९३ वर कापतात. त्यापेक्षा लांब मान चेंबरच्या टोकाला जाऊन गोळीवर आवळली जाते आणि दाब भलताच चढतो. पाव मिलिमीटरचा हा हिशेब डोळ्यांना दिसत नाही, व्हर्नियरला दिसतो.

टोपीचा मुद्दा भारतीय वाचकासाठी वेगळा सांगितला पाहिजे. बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीत बुडाच्या मध्यावर एकच भोक असते आणि डायची सुई तिथून टोपी ढकलते. बर्डन पद्धतीत ऐरण पुंगळीतच घडवलेली असते आणि भोके दोन, बाजूला. अशा पुंगळीवर सुई चालवली की सुई मोडते आणि दोष पुन्हा डायला मिळतो. आत उजेड पाडून भोके मोजायला दोन सेकंद लागतात. जुन्या टोप्यांतल्या रसायनांनीही पितळाचे हाल केले आहेत. पारा असलेल्या टोप्या पितळाला ठिसूळ करत, त्यामुळे त्यांच्या पुंगळ्या पुन्हा भरण्याच्या लायकीच्या राहत नसत. पोटॅशियम क्लोरेटच्या टोप्या मागे जे क्षार ठेवतात ते हवेतले पाणी ओढतात. कोकणच्या हवेत अशी नळी एका रात्रीत गंजू शकते. तेल हा क्षार विरघळवत नाही, पाणी विरघळवते. आधी पाणी, मग कोरडे पुसणे, मग तेल, हा क्रम कधी उलटा करू नये.

मराठी नेमबाजीचे मोठे यश मात्र या सगळ्यापासून दूर, .२२ च्या रायफलवर उभे आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्य जिंकले. त्यांच्या काडतुसाची पुंगळी पुन्हा भरता येत नाही, कारण पेट घेणारे रसायन बुडाच्या पोकळ कडेतच असते आणि आघाताने ती कडा चेपून जाते. तरीही त्या रिकाम्या पुंगळ्यांतून एक उद्योग उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईत कॅलिफोर्नियातल्या ऑरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन .२२ च्या रिकाम्या पुंगळ्या दाबून गोळ्यांची कवचे बनवणाऱ्या डाय करू लागला. १९४३ मध्ये सुरू झालेली त्याची आरसीबीएस ही कंपनी पुढे साइझिंग डायसाठी जगभर ओळखली गेली.

भारतात हे ज्ञान कायद्याच्या चौकटीतच वापरता येते आणि ती चौकट स्पष्ट आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. दारूगोळ्याच्या कायदेशीर व्याख्येत त्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते, म्हणजे प्रेस आणि डायकडे नुसती हौशी अवजारे म्हणून पाहता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीची शिक्षा किमान सात वर्षे आहे. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे काडतूस भरण्याचा परवाना नव्हे, हे कोकणातल्या प्रत्येक परवानाधारकाने ध्यानात ठेवावे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी नेमबाजाची गोष्ट निराळी. तिथे स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरायला केंद्राचा परवाना लागत नाही आणि तळघरात प्रेस मांडलेला असणे ही साधी बाब आहे. राज्याचे नियम मात्र त्यानेही तपासावेत. पुढील प्रकरणांतला हाताने करायचा भाग अशा वाचकांसाठी आहे. पितळ ओळखण्याचा, साठवण्याचा आणि बाद करण्याचा भाग सर्वांसाठी, त्यात मालगुंड-गणपतीपुळ्याचा बागायतदारही आला.

वाचकाला एकच विनंती. पुस्तक उघडण्याआधी एक वही उघडावी. कोणत्या खेपेची पुंगळी, कितव्यांदा झाडली, खांदा किती मागे गेला, लांबी किती, आच कधी दिली, एवढे पाच रकाने. अडचण आली की आधी त्या वहीत पाहावे, मग पुंगळीवर, आणि सर्वांत शेवटी डायवर. बुडाजवळ चकाकती कडी दिसली, तार अडखळली किंवा बुडाला आच लागल्याची शंका आली, तर ती पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात टाकावी.